ज्या दगडाला नाव नव्हतं

वामन नदी उतरून यायचा तो घाटावरून नाही. घाटाच्या बराच खाली जाम नदी पसरट होते, बैलांच्या गुडघ्याला तेवढं पाणी लागतं. तिथून तो जोडी घालायचा. घाटावरून आला असता तर पांढुर्ण्याची चार माणसं भेटली असती, रामराम झाला असता, जावयाची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, तब्येत विचारली गेली असती. खालच्या वाटेवर नुसत्या बाभळी होत्या.

जयवंता शेतावर पोचायची तेव्हा त्याचा डवरा, बैलांनी ओढायचं कोळपं, कपाशीतून फिरायला लागलेला असे. बहिणीकडे तो बघायचा नाही. ती निंदायला एका टोकाला बसली की तो दुसऱ्या टोकाला, ती तिकडे सरकली की तो इकडे. शिदोरी तो सावरगावहून आपली आणायचा. तिनं भाकर पुढं केली तर म्हणायचा, पोट भरलेलं आहे. पाणी मात्र तिच्या मडक्यातलं प्यायचा, तेही ती दूर गेल्यावर.

वर्ष होत आलं होतं याला. वखरणी त्याची, पेरणी त्याची, संत्र्याच्या झाडांची आळी त्याच्या हातची. जयवंताचा नवरा देवीदास, त्याचे स्वतःचे बैल नागपूरच्या दवाखान्यात गेले, म्हणजे विकून तिकडं लावले, आणि देवीदास बैलगाडीत आडवा परत आला तो कमरेखाली मेलेला. त्या हंगामात वामन आपणहून जोडी घेऊन उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. का आलास, असंही कोणी विचारलं नाही.

बायका जयवंताला म्हणत, भाऊ असावा तर असा वो.

जयवंता मान हलवायची आणि खुरप्याची माती झटकायची.

*

काय झालं होतं, ते गाव असं सांगे.

पंच्याऐंशी सालची गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलं, वर झेंडा बांधला. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव. झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. देवीदास खडकावर उभा होता. दगड आला, कानशिलावर बसला, आणि तो मागं पडला तो खालच्या खडकाच्या धारेवर, पाठीवर. देवीचा अंगारा लावला. हळद भरली. तिची मर्जी.

देवीदासची आई देवकाबाई असं सांगे: माह्या लेकाचं कपाळ फुटलं. पुढं काही नाही.

जयवंता काहीच सांगत नसे, कारण तिनं पाहिलं होतं. काठावरच्या एका माडीवर बायकांच्या गर्दीत ती उभी होती. माहेर तिकडचं, सासर इकडचं, त्यामुळे तिची नजर माहेरावर होती. मांडीएवढ्या पाण्यात तिचा भाऊ, डोक्याला पांढरा दुपट्टा. बाकीचे लोक झाडाकडे, काठाकडे, आभाळाकडे फेकत होते. वामनचे डोळे एका जागी होते. हात मागं गेला, पुढं आला.

त्याच्या पंधरवडाभर आधी राखीला तो तिला न्यायला आला होता. देवीदासनं त्याला दारातूनच परत लावलं होतं. निंदण काय तुमचा बाप करील, असं ओट्यावरच्या माणसांदेखत म्हणाला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि देवीदास पडला तेव्हा दगड येत असताना नदी ओलांडून पहिला धावला तोही वामनच. पाठुंगळी घेऊन त्यानंच त्याला काठावर आणला.

पण गोटमारीच्या दगडाला नाव नसतं. सासरा जावयावर फेकतो, मामा भाच्यावर फेकतो, आणि संध्याकाळी एका पंगतीत जेवतात. कोणाचा दगड कोणाला लागला हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही; ओट्यावर नाही, चुलीजवळ नाही, मरतानासुद्धा नाही. पोलिसांनी विचारलं तर नदीकडे बोट दाखवायचं. म्हणून दोन गावं पुन्हा सोयरीक करू शकतात. जयवंता त्याच नियमात वाढली होती. तिला तो कधी जड वाटला नव्हता.

आता वाटत होता. रोज तोंडात खडा धरून बोलावं तसं.

*

देवीदासचं खाटेवरून चालू असे: जयवंते, कूस बदल. जयवंते, माशा बसून राहिल्या. आई, दार लोट, उजेड लागते. जयवंते, ट्रांझिस्टर लाव. बंद कर. कोण आलं? साळेबुवा? या या. तिथं नाही, इथं पायथ्याशी बसा. जरा पाय चोळून द्या. मले काही समजत नाही म्हणा, पर तुमच्या हातालेच बरं वाटत असन. हळू कायले, जोर लावा, दुखणार थोडीच आहे. पाणी? पाणी मंग प्या. जयवंते, तू राहू दे. ते भांडं साळेबुवा नेतील बाहेर.

वामन घाणीचं भांडं न्यायचा. ते झाकायला फडकं असे, पण देवीदास ते आपल्या उशाखाली ठेवायचा. दारात दोन बायका बोलत उभ्या असल्या तरी वामनला तसंच त्यांच्यामधून जावं लागे. ते उकिरड्यावर रिकामं करून तो परत यायचा, भांडं पालथं घालायचा, हात धुवायचा आणि म्हणायचा, येतो जावईबापू.

जयवंताला वाटे, आजारानं माणूस असा झाला. पडून पडून माणूस चिडतो. त्याला काही माहीत नाही म्हणून तो असा वागतो. माहीत झालं तर मारूनच टाकील, आणि उठता येत नाही तर निदान दार बंद करील. मग डवरा कोण धरील? कपाशीत गवत कमरेला लागेल. नवऱ्याला कळू द्यायचं नाही, भावाला आपल्याला ठाऊक आहे हे कळू द्यायचं नाही. दोन्हीकडून भिंत, आणि मध्ये ती भाकरी थापत बसलेली.

*

देवीदासच्या पाठीला खाटेवर पडून पडून जखम झाली होती. ती बांधायला प्रमिलाबाई येत. त्यांचा नवरा मालगाडीवर गार्ड होता, राहणं रेल्वेच्या क्वार्टरात. लग्नाआधी त्या मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. काळी छत्री, पांढरी साडी, गळ्यात बारीक क्रूस. पहिल्या दिवशी देवकाबाईनं त्यांना चुलीपासून लांब बसवलं. महिनाभरानं त्यांच्याकडून स्वतःच्या गुडघ्याला तेल लावून घ्यायला लागली.

त्या जखमेत जाळीच्या कापडाची पट्टी ठासून भरत. देवकाबाईला ते पटेना. हळद भरावी, खपली धरू द्यावी, मोकळं व्हावं.

"वरून बंद झाली की आत पाणी राहतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "खालून भरत वर आली पाहिजे. तोवर उघडीच ठेवायची. बघवत नाही, तरी बघायची."

पट्टी झाली की त्या तिथंच डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना करत. देवीदास भिंतीकडे तोंड करी. जयवंता आधी नुसती उभी राहायची. मग हात जोडायला लागली. मग हिवाळ्यापासून रविवारी क्वार्टरात जायला लागली. तिथं चार-पाच घरं जमत. एक जण पेटी वाजवी, एक जण पुस्तकातून वाची. ती दाराशी बसायची. गावात झालं, देवीदासची बायको किरिस्ताव झाली. देवकाबाई तिला म्हणाली, तुहा देव तुह्याजवळ, माही चंडी माह्याजवळ, पर सयपाकाले उशीर नाही झाला पाहिजे.

येशूवर तिचा जीव का बसला, ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एक गोष्ट मात्र ऐकली आणि ती घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही. त्याला मारलं, पुरलं, तो उठला, आणि जी आपली माणसं त्याला टाकून पळाली होती त्यांच्यात परत आला. दारं लावून बसलेली ती माणसं. त्यानं आधी हात दाखवले. खिळ्यांची भोकं.

"बुजली नव्हती काय?" तिनं दुसऱ्या दिवशी पट्टी धरताना विचारलं.

"नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ठेवली होती."

मरणातून उठणाऱ्याला दोन भोकं बुजवता आली नसती? जयवंता कपाशीत त्यावर विचार करत राहिली. तो म्हणाला असता, जाऊ द्या, काही झालंच नाही, तर त्या माणसांची दारं लागलेलीच राहिली असती.

आणि प्रार्थनेत एका जागी तिची जीभ अडायची. ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना जसं आम्ही सोडतो, तसं तू आम्हाला सोड. सगळे म्हणत, ती गप्प. कोणाला सोडायचं? तिच्या घरात कोणी कोणाचं वाईट केलंच नव्हतं. नदी होती, देवीची मर्जी होती, कपाळ होतं. ज्यानं काही केलंच नाही त्याला सोडता येत नाही. त्याला नुसतं भांडं उचलायला लावता येतं.

*

पुढचा श्रावण सरत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे असतात, म्हणून वामननं दुपारीच डवरा सोडला आणि घरी डोकावला. देवीदासचं डोकं त्या दिवशी ताजं होतं. त्यानं पाय चोळून घेतले. भांडं नेऊ दिलं. वामन हात पुसत येतो म्हणाला, तेव्हा तो उशीवरून म्हणाला,

"परवा गोटमारीले जाजो बरं साळेबुवा. घरी नका बसू. तुमचा नेम मस्त आहे."

वामनचा हात पंच्यातच राहिला. मग तो बाहेर पडला.

जयवंता डाळ निवडत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत हसत होता, कसलाच आवाज न करता. याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाय, पाणी, भांडं, उशाखालचं फडकं, सगळं ठाऊक असून. तिघंही एकाच दगडाभोवती वर्षभर फिरत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं आपणच तो झाकला आहे.

सूप तसंच ठेवून ती निघाली. नदीच्या खालच्या उतारावर वामन बैल धूत होता. ती वर काठावर उभी राहिली.

"दादा, त्यायले दगड तुवा मारला. मी पाहिलं."

तो बैलाच्या पाठीवरून पाणी ओतत राहिला.

"मी तुले माफ केलं," ती म्हणाली. "येशूच्या नावानं सोडलं. आता असा गड्यासारखा राबायले येऊ नको. भाऊ म्हणून यायचं असन तं ये."

वामन वळला. त्याच्या तोंडावर सुटका दिसेल असं तिला वाटलं होतं. दिसला तो राग.

"कोणाचा दगड कोणाले लागते हे कोणाले मालूम?" तो म्हणाला. "गोटमार आहे ते. अन् तू कोण मले माफ करणारी? वर्षभर माही मेहनत खाल्ली तेव्हा नाही आठवला तुहा येशू?"

त्यानं कासरे उचलले आणि बैल पाण्यात घातले.

*

पोळा गेला. गोटमार झाली. घरात बसून ढोल ऐकू आले, माणसांचा गलका ऐकू आला. देवकाबाईनं कानावर पदर ओढून घेतला. वामन तिथं होता का, ते कळलं नाही.

शेतावर तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस लागून राहिला, दोन तास ऊन, पुन्हा पाऊस, आणि गवतानं डोकं काढलं. जयवंता खुरप्यानं जेवढं ओढता येईल तेवढं ओढी. बोटांची सालं निघाली. पाठ संध्याकाळी सरळ होईना. घरी येताना ती वाकूनच चाले. भाड्याचा डवरा मागायला गेली तर लोक विचारत, भावानं काहून सोडलं? ती म्हणे, त्याचंही शेत आहे. बायकांमध्ये दुसरं चाललं होतं: किरिस्ताव झाली म्हणून माहेरानं टाकली.

देवावर तिला राग आला. खरं बोलली म्हणून हे. गप्प होती तेव्हा निदान कपाशी स्वच्छ होती. रविवारी ती क्वार्टरात गेली नाही. प्रमिलाबाई पट्टीला आल्या तेव्हा तिनं त्यांना मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं, एकदम, रागानं, जणू त्यांचीच चूक होती. प्रमिलाबाईंनी समजूत घातली नाही. त्यांनी विचारलं, हे बोललीस तेव्हा तू कुठं होतीस आणि तो कुठं?

मी काठावर. तो खाली पाण्यात.

प्रमिलाबाईंनी छत्री उचलली. मग एवढंच म्हणाल्या की, ज्या येशूनं आपल्या माणसांचे पाय धुतले, तो त्यासाठी खाली बसला होता.

जयवंताला ते टोचलं. पायांचं काम तिच्या घरात वामनच करत होता.

*

दुपारचा पाऊस. देवकाबाई शेजारी गेली होती. जयवंता देवीदासची कूस बदलून पाठ पुसत होती.

"साळेबुवा येत नाही," तो भिंतीला म्हणाला.

"येणार नाही. मी त्याले तोंडावर सांगतलं. दगड तुहा होता म्हणून."

त्याची पाठ तिच्या हाताखाली ताठ झाली.

"काहून सांगतलं? येत होता ना मुकाट्यानं?"

"तुमाले मालूम होतं."

"दगड सुटला तेव्हापासून." तो भिंतीलाच बोलत राहिला. "बोललो असतो तं त्यानं पाय चोळले असते? तो रडला असता, मी रडलो असतो, लोकायनं चहा पेला असता, अन् तो आपल्या पायानं घरी गेला असता. माह्याजवळ दुसरं काय होतं त्याले धरून ठेवाले?"

तिनं कपडा पिळला. तिलाही तेच हवं होतं, फक्त वेगळ्या कारणानं. तिलाही तो धरूनच ठेवायचा होता. हे तिनं त्याला सांगितलं. कपाशीसाठी मीही तोंड शिवलं, म्हणाली.

देवीदासनं मान वळवायचा प्रयत्न केला. ती पूर्ण वळत नव्हती.

"पहिला माहा होता," तो म्हणाला.

"काय?"

"पहिला दगड. तू भावाकडे पाहून राहिली असशीन, माह्याकडे नाही पाहिलं. त्याच्या आधी म्या फेकला. त्याच्याच डोक्यावर धरला होता. राखीच्या दिवशी दारातून गेला तं वळून पाह्यलं होतं त्यानं, ती नजर घेऊनच फिरत होतो. माहा चुकला. त्याचा लागला. बस, तेवढाच फरक."

जयवंताच्या हातातून कपडा पडला. ती उचलायला वाकली आणि तिथंच खाली, ओल्या जमिनीवर, खाटेच्या कडेला बसली. माडीवरून तिनं एकच काठ पाहिला होता. वर्षभर एक मारणारा आणि एक पडलेला अशी तिनं मांडणी केली होती, आणि स्वतः वर, मध्ये, माफी वाटणारी. प्रार्थनेत तर दोन्ही बाजू एका दमात म्हणतात. आम्ही सोडतो, आम्हाला सोड. दुसरी तिनं कधी कान देऊन ऐकलीच नव्हती.

तिनं प्रार्थना म्हटली. मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जिथं अडायची तिथं अडली नाही. देवीदास म्हणाला नाही, पण बंद करही म्हणाला नाही. संपल्यावर तिनं विचारलं, त्याला सांगू का?

"सांग," तो म्हणाला. आणि ती दारात पोचली तेव्हा, "जयवंते. भांडं उचलाले नको येऊ म्हणा."

*

सावरगावात वामनच्या अंगणात अंबाडीचा दोर वळणं चाललं होतं. एका टोकाला वामन, दुसऱ्या टोकाला शेजारचे नत्थूजी, गावातलं जुनं माणूस. दोघं उलट्या पिळानं वळत होते, मध्ये दोर ताणून धरलेला. वामनची बायको पुष्पा ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिनं नणंदेला पाहिलं आणि पाट आणायला उठली.

जयवंतानं पाट घेतला नाही. भावाच्या पायांजवळ, चिखलातच ती खाली बसली. वामन वळत राहिला.

"दादा, मी त्या दिवशी चुकीचं बोलली," ती म्हणाली. "अर्धंच बोलली. त्यायनं सांगतलं, पहिला दगड त्यायचा होता. तुह्यावर धरला होता. चुकला."

दोर थरथरला.

"हे बोलत नसतात बाई," नत्थूजी हळूच म्हणाले. त्यांचा आवाज दरडावण्याचा नव्हता, घाबरलेला होता. "आपल्या बापजाद्यायनं नाही बोललं. एकाचं नाव निघालं तं साऱ्यायची निघतीन."

जयवंतानं त्यांच्याकडे पाहिलं, पण बोलली भावाशी. वामननं भांडं उचलायला येऊ नये असा देवीदासचा निरोप आहे, म्हणाली. आणि ती स्वतः काही माफ करायला आलेली नाही. तिच्या पोराबाळांवाचूनच्या घरात तिला एक नवरा आहे आणि एक भाऊ, आणि दोघांच्या मधे तिनं शेत ठेवलं होतं, ते तिला आता ठेवायचं नाही. कपाशी गवतात गेली तर जाऊ दे.

वामनचे हात थांबले. पाट हातात घेतलेली पुष्पाही थांबली.

"नत्थूजी," वामन म्हणाला. "नत्थूजी, ऐकून घ्या. जावयाले पाडलं तो दगड माहा. वामनचा. म्या पाहून मारला."

शेजारच्या अंगणातलं बोलणं बंद झालं. एक बाई कुडाच्या पलीकडून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. नत्थूजींनी हातातलं दोराचं टोक असं पाहिलं, जणू ते कोणी दुसऱ्यानं हातात दिलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि रामराम न करता निघून गेले.

पीळ सुटायला लागला. वळलेला दोर चिखलात उलटा फिरत मोकळा होऊ लागला. पुष्पा ओसरीवरून म्हणाली, मले मालूम होतं, आणि पदर डोळ्यांना लावला.

जयवंता उठली. लुगड्याचा चिखल तसाच. तिनं नत्थूजींनी टाकलेलं टोक उचललं, मागं सरकत सरकत दोर ताणला आणि भावासमोर उभी राहिली.

"उलटा पीळ दे," वामन म्हणाला. डोळे वाहत होते, ते त्यानं पुसले नाहीत. दोन्ही हात दोराला होते.

"देऊन राहिली."

"घट्ट धर."

"धरला आहे दादा. तू वळ."